फॉरमॅट मारायच्या आधी जरा झाकण उघडून बघा

आपल्या कोल्हापुरात कॉम्प्युटर स्लो झाला की सगळ्यांकडं एकच औषध असतं, फॉरमॅट मार, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाक. सकाळी दुकानात टाकायचा, संध्याकाळी घेऊन यायचा, दोन-चार महिने जोरात पळतो, मग परत तेच रडगाणं. मला हे मनापासून पटत नाही. फॉरमॅट मारल्यानं विंडोज नवीन होतं, पण पंख्यातली धूळ तिथंच राहते, मरायला टेकलेली हार्डडिस्क तशीच राहते, अर्थिंग नसलेला सॉकेट तसाच राहतो आणि वर घरातले फोटो, सेव्ह केलेले पासवर्ड, टॅलीचा डेटा यातलं काहीतरी कायमचं जातं. महिन्यातनं एकदा तासभर घरच्या मशीनला दिला तर बहुतेक वेळा दुकानाची पायरी चढायलाच लागत नाही, हे मी घरच्या, पाहुण्यांच्या आणि गल्लीतल्या मशीन बघून सांगतोय. काय काय करतो ते सगळं इथं लिहून ठेवतो, कुणाला उपयोग झाला तर बरंच.

सुरुवात धुळीपासनं, कारण आपल्याकडं नुसती धूळ नाही, काजळी पण आहे. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की कुठं उसाचे फड पेटवतात, कुठं पाचट जाळतात, आणि ती काळी काजळी उडत उडत गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडते. शेताच्या कडेला घर असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तीच काजळी खिडकीतनं आत येते आणि कॅबिनेटचा पंखा ती ओढून घेतो, कारण त्याचं कामच हवा ओढायचं आहे.

कसबा बावड्यात माझे मामा राहतात. त्यांचा फोन आला, "अरे मशीन सारखं बंद पडायलंय. दहा-पंधरा मिनिटं चालतंय आणि धाडकन बंद. व्हायरस शिरलाय वाटतं, फॉरमॅट मारून टाक की एकदा." मी म्हटलं, "मामा, आधी झाकण उघडून बघूया, मग तुम्ही म्हणाल तसं." आता असं बघा, व्हायरसनं मशीन स्लो होईल, पॉपअप येतील, फाईली लॉक होतील, पण ठराविक वेळ चालून एकदम लाईट गेल्यासारखं बंद पडणं म्हणजे पहिला संशय गरमीवर घ्यायचा, दुसरा एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर. प्रोसेसर तापला की आधी स्वतःच स्पीड कमी करतो, म्हणजे आपल्याला मशीन स्लो वाटायला लागतं, आणि तरीही तापत राहिला, साधारण १०० डिग्री सेल्सिअसच्या घरात गेला, की जळून जाऊ नये म्हणून मशीन बंद करून टाकतो. म्हणजे स्लो होणं आणि बंद पडणं हे दोन वेगळे आजार नव्हते, एकाच आजाराच्या दोन पायऱ्या होत्या.

प्लग काढला, पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो, आणि कॅबिनेट उचलून गॅलरीत आणला, कारण हे काम खोलीत केलं तर मामी घरात घेणार नाहीत. डावीकडचं पॅनेल दोन स्क्रूवर असतं, ते काढलं. वरवर बघितलं तर फार काही वाटत नव्हतं, पंख्याच्या पात्यांवर काळी किनार, वायरींवर धूळ, एवढंच. पण प्रोसेसरवरचा पंखा सोडवून उचलला तर खाली हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, गोधडीसारखा जाड थर, वरनं राखाडी, बोटानं खरवडला की खाली काळा आणि थोडा चिकट. हीटसिंकच्या दोन पट्ट्यांमधनं हवा जायला जागाच उरली नव्हती. पंखा बिचारा पूर्ण ताकदीनं फिरत होता, आवाज करत होता, आणि हवा मात्र त्या थरावर आदळून परत येत होती. थर सगळाच्या सगळा एका तुकड्यात निघाला, मामांनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "एवढं ह्याच्यात होतं व्हय!"

साफ करायला मी रंगकामाचा नवा कोरडा ब्रश वापरतो, दीड-दोन इंची, आणि एक ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर तो भलत्याच स्पीडनं गरगरा फिरतो आणि बेअरिंग जातं, हे लई जण विसरतात. ओलं फडकं आत घालायचं नाही. हीटसिंक काढलाच असेल तर खालची जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारा लेप, बहुतेक वाळून खडू झालेली असते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी पेस्ट मधोमध थेंबभर लावायची, जास्त लावून फायदा नाही. आणि पेस्ट हातात नसेल तर हीटसिंक मुळात उचलूच नका, नुसता वरचा पंखा काढून धूळ काढा. परत जोडल्यावर कोअर टेम्प नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाकून तापमान बघितलं, तर नुसतं ब्राऊझर उघडलं की ९० च्या वर जाणारा प्रोसेसर आता ५० च्या आसपास. त्यानंतर मामा दुपारभर त्याच्यावर बसले तरी मशीन बंद पडलं नाही.

लॅपटॉपवाल्यांनी एवढंच करा की गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका, हवा आत घ्यायची जाळी बहुतेकांची खालच्या बाजूला असते, ती गादीत बुडते. आतनं साफ करायला मात्र सवय नसेल तर जाणकाराकडनं करून घ्या, त्याच्या पट्ट्या आणि कनेक्टर नाजूक असतात.

आता सॉफ्टवेअरकडं. पहिली गोष्ट इतकी साधी आहे की सांगितली तरी कुणी मनावर घेत नाही, रिस्टार्ट करा. लोक म्हणतात, आम्ही रोज रात्री शटडाऊन करतोच की. पण विंडोज ८ पासनं फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आलाय, त्यात शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते, म्हणून चालू पटकन होतो. खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की खाली अप टाईम दिसतो. रोज शटडाऊन करणाऱ्यांच्या मशीनवर तिथं कितीतरी दिवस झालेले दिसतात. रिस्टार्ट केलं की मात्र सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. आठवड्यातनं एकदा रिस्टार्ट मारा, प्रिंटर ओळखत नाही, आवाज येत नाही, वायफाय दिसत नाही असल्या निम्म्या तक्रारी तिथंच संपतात.

टास्क मॅनेजर उघडलाच आहे तर स्टार्टअपचा टॅब पण बघून घ्या. मशीन चालू झाल्या झाल्या कोण कोण उठून बसतंय त्याची यादी तिथं असते, मीटिंगची सॉफ्टवेअर, गेमचे लाँचर, कधीकाळी वापरलेल्या प्रिंटरचे हेल्पर. जे रोज लागत नाही त्यावर राईट क्लिक करून डिसेबल करा, सॉफ्टवेअर उडत नाही, फक्त आपण बोलावल्याशिवाय येत नाही. साऊंड, टचपॅड, अँटिव्हायरस यांना हात लावू नका.

आणि तिथंच डिस्कचा आकडा सारखा १०० टक्क्यांवर दिसत असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर ती बिचारी विंडोजच्या मागण्यांना पुरी पडत नाहीय असं समजा. अशा वेळी सगळ्यात उपयोगी खर्च म्हणजे एसएसडी, फिरता भाग नसलेली चिपवाली डिस्क. साधी, हार्डडिस्कच्याच केबलला लागणारी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, हार्डडिस्क १०० ते १५० च्या घरात, पण खरा फरक त्याच्याही पुढं आहे, कारण विंडोजला हजारो बारीक बारीक फाईली इकडनं तिकडनं उचलायच्या असतात आणि हार्डडिस्कची सुई प्रत्येक वेळी त्या जागी सरकत जाते, एसएसडीत सरकायला काही नाहीच. नवा कॉम्प्युटर घ्यायचा विचार करणाऱ्या कितीतरी लोकांना मी आधी एसएसडी टाकून बघा असं सांगतो, आणि ते टाकल्यावर नव्या कॉम्प्युटरचा विषय काढत नाहीत. जुन्या हार्डडिस्कला डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाईलींचे तुकडे एकत्र लावणं, चालतं, एसएसडीला ते करायचं नसतं, पण त्याची काळजी आपल्याला नाही, विंडोजचं ऑप्टिमाईझ ड्राईव्ह्ज दोघांमधला फरक ओळखतं आणि आठवड्याला स्वतःच योग्य ते करतं. फक्त ते कुणी बंद करून ठेवलेलं नाही ना एवढं बघा.

सी ड्राईव्ह लाल झालेला असतो हा पुढचा ठरलेला प्रकार. आपल्याकडं दुकानदार सी, डी, ई असे भाग पाडून देतात, सी लहान ठेवतात, आणि मग घरातले सगळे डेस्कटॉपवर आणि डाऊनलोड्समध्ये भरत राहतात, डी रिकामा पडलेला. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राईव्हच आहे हो, तिथं ठेवलेला लग्नाचा व्हिडिओ सीमध्येच बसतो! सेटिंग्समध्ये सिस्टीम, मग स्टोरेज, तिथं टेम्पररी फाईल्स दाखवतं, त्या काढून टाका, पण यादीत डाऊनलोड्सवर टिक असेल तर आधी ती काढा, त्यात कुणाची तरी मार्कशीट नाहीतर सातबारा पडलेला असतो. स्टोरेज सेन्स चालू करून त्यात दर महिन्याला असं निवडलं की हे काम महिन्याच्या महिन्याला आपोआप होतं. साधारण पाचवा हिस्सा तरी सी मोकळा ठेवा, अपडेटला पण जागा लागते आणि जागा नसली की अपडेट अर्ध्यात अडकून भलभलत्या एरर दाखवतं.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण यात साधी माणसं फसतात. आमच्या शेजारच्या वहिनींनी एक दिवस घाबरून हाक मारली, स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखं लाल पॉपअप, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये इतके व्हायरस सापडले, ताबडतोब क्लिक करा. अँटिव्हायरस बंद केला तरी येतंय, स्कॅन मारलं तरी येतंय. मी म्हटलं, "वहिनी, काहीतरी बघताना अलाऊ असं विचारलं होतं का कुठल्या साईटनं?" "विचारलं होतं की, सिरियलचा भाग लावताना, त्याशिवाय पुढंच जाईना." तर हा व्हायरस नव्हताच, ब्राऊझरचं नोटिफिकेशन होतं. आपण एकदा अलाऊ केलं की ती साईट कधीही कोपऱ्यात येऊन वाट्टेल ते दाखवू शकते. क्रोमच्या सेटिंग्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साईट सेटिंग्स, त्यात नोटिफिकेशन्स, तिथं परवानगी मिळालेल्या साईटची यादी असते, अनोळखी नावं सगळी काढून टाकायची आणि वरनं साईटनी विचारूच नये असं लावून ठेवायचं. झालं, पॉपअप गेले. यासाठी पण लोकांनी फॉरमॅट मारलेत, आणि काहींनी पॉपअपमधल्या नंबरला फोन लावून पैसे घालवलेत. मायक्रोसॉफ्ट कधीही स्क्रीनवर नंबर दाखवून फोन करायला सांगत नाही, हे घरातल्या मोठ्या माणसांना शांतपणे बसवून सांगा.

त्याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे पीसी बूस्टर, रजिस्ट्री क्लीनर, रॅम क्लीनर. टाकू नका. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्सच्या वहीतल्या, जुन्या नोंदी काढून मशीन फास्ट होत नाही, उलट नको ते उडालं तर चांगलं चाललेलं सॉफ्टवेअर बंद पडतं. सीक्लीनर नावाच्या नावाजलेल्या साफसफाईच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीतसुद्धा २०१७ मध्ये ५.३३ या व्हर्जनमध्ये हॅकरनी मालवेअर घुसवलं होतं आणि ते २० लाखांहून जास्त मशीनवर गेलं होतं. आणि क्रॅक केलेलं विंडोज असेल तर ते चालू करणारं ॲक्टिव्हेटर बऱ्याचदा आधी डिफेंडर, म्हणजे विंडोजमधला अँटिव्हायरस, बंद करायला लावतं, म्हणजे कुलूप काढून दार सताड उघडं ठेवायचं. घरच्या वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरेसा आहे, त्याला चालू राहू द्या आणि अपडेट होऊ द्या. बाहेरचा अँटिव्हायरस टाकायचाच असेल तर एकच, दोन-दोन टाकले की ते एकमेकांच्याच मागं लागतात.

विंडोजच विचित्र वागत असेल, स्टार्ट मेनू उघडत नाही, अपडेट फेल होतंय, तर फॉरमॅटच्या आधी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, एसएफसी टाईप करा, एक स्पेस द्या आणि स्लॅश स्कॅननाऊ (sfc /scannow). बिघडलेल्या सिस्टीम फाईली तो शोधून बदलतो. वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. त्यानं जमलं नाही तर डीआयएसएम या विंडोजच्याच दुरुस्तीच्या हत्याराची रिस्टोअर हेल्थवाली कमांड चालवून परत एकदा एसएफसी. आणि यानंही नाही झालं तर मग खुशाल फॉरमॅट मारा, त्यावेळी ते बरोबरच असतं.

पण त्याआधी बॅकअप. इथं मी हट्टी आहे. "डी ड्राईव्हला ठेवलंय सगळं, डीला काही होत नाही," हे वाक्य मी लई वेळा ऐकतो. सी आणि डी ही एकाच डिस्कवर पाडलेली दोन नावं आहेत, डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात. बॅकअप म्हणजे वेगळ्या डिस्कवरची दुसरी कॉपी, एक्स्टर्नल हार्डडिस्कवर, आणि जे खरंच जीवाचं आहे, बाळाचे फोटो, जमिनीचे कागद, ते त्याशिवाय ऑनलाईन ड्राईव्हवर पण. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं, निळं गुड दिसलं तर ठीक, पिवळं कॉशन दिसलं की त्याच दिवशी डेटा उतरवून घ्या. डिस्क टक टक आवाज करत असेल तर तिच्यावर चेकडिस्क (डिस्क तपासणारी कमांड) वगैरे चालवत बसू नका, त्या मेहनतीनंच ती जाते, आधी फाईली बाहेर काढा.

आणि कोल्हापूरकरांना बॅकअपचं महत्त्व पुरानं शिकवलंय. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडं तळमजल्यात पाणी शिरलं आणि माणसांनी जीव आणि गॅस सिलिंडर आधी हलवला, टेबलाखालचा कॅबिनेट कुणाच्या लक्षात राहणार? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पूररेषेतल्या लोकांना माझं सांगणं आहे की आकडा ३९ कडं निघाला की वायरी सोडवून कॅबिनेट वरच्या मजल्यावर न्या, वर मजला नसेल तर नुसती बॅकअपची डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कागदपत्रांच्या बॅगेत टाका. पाण्यात गेलेला कॅबिनेट वाळला म्हणून लगेच चालू करून बघू नका, आत चिखल राहिलेला असतो.

लाईटचं पण बघायला हवं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर थोडा करंट बॉडीवर सोडतात, अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या हातातनं जातो. जीवाला सहसा धोका नसतो, पण पेनड्राईव्ह आणि यूएसबी पोर्ट अशानंच जळतात. वायरमन बोलावून सॉकेट तपासून घ्या, थ्री पिनचा तिसरा पाय काढून टू पिनमध्ये खुपसू नका. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी साधारण तीन वर्षांत दमते, लाईट गेल्या गेल्या मशीन बंद पडत असेल तर नवा यूपीएस नको, नुसती १२ व्होल्टची बॅटरी बदला. आणि एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊन आला की प्लगबरोबर राऊटरची लॅन केबल पण काढा, बाहेरनं तारेची केबल येत असेल तर वीज त्या वाटेनंही आत येते.

पावसाळ्यात आपल्या दमट हवेत महिनोन्महिने बंद ठेवलेली मशीन हमखास रुसते, चालू होते, पंखा फिरतो, बीप बीप करते पण डिस्प्ले नाही. प्लग काढून रॅम उपसा, तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, कण झटका आणि टक आवाज येईपर्यंत परत बसवा. बहुतेक वेळा डिस्प्ले येतोच. वापर नसला तरी जून ते सप्टेंबर एक-दोन दिवसाआड थोडा वेळ चालू ठेवा, आतल्या उबेनं दमटपणा निघून जातो. तारीख सारखी मागं जात असेल आणि प्रत्येक वेबसाईट कनेक्शन सुरक्षित नाही म्हणत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला, घड्याळाच्या दुकानात मिळतो. साईटचं सर्टिफिकेट तारखेवर तपासलं जातं, तारीखच चुकीची असेल तर इंटरनेट चांगलं असून चालत नाही.

शेवटचा विषय विंडोज १० चा, कारण आपल्याकडं घराघरात अजून तेच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, म्हणजे मशीन चालत राहते पण सुरक्षेचे नवे अपडेट नेहमीसारखे येत नाहीत. वाढीव अपडेटच्या योजनेत नाव नोंदवलं तर घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, सेटिंग्समधल्या विंडोज अपडेटच्या पानावर तो पर्याय दिसतो आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साईन इन करून सेटिंग्सचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासनं पुढचा. त्याच्या आधीच्या मशीनवर कुणी जुगाड करून ११ टाकून देतो म्हणालं तर मी तरी नको म्हणेन, पुढं अपडेट मिळतीलच याची हमी नाही. मामांचं मशीन चौथ्या जनरेशनचं आहे, त्यांना ब्राऊझर, प्रिंटर आणि पीडीएफ एवढंच लागतं, अशांसाठी विंडोजच्या जागी टाकता येणारं फुकटचं लिनक्स मिंट उत्तम आहे आणि ते पेनड्राईव्हवरनं, काहीही इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं. मराठी टायपिंग जमतंय का आणि प्रिंटर कागद ओढतोय का हे तिथंच तपासा, मग ठरवा.